देव्हाऱ्यातला कॅम

राजकोट, लाभपाचम

वशरामभाई,

राजकोटहून जशुचे जय विश्वकर्मा. बा बरी आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय तेवढाच, जीभ शाबूत आहे. तू नाकुरूला सुखरूप आहेस हे मामांच्या पत्रातून कळतं. तुझ्या पत्रातून काही कळत नाही, कारण तुझं पत्र येतच नाही. बापा गेले तेव्हा एक आलं होतं, दोन ओळींचं. ‘लेथ विकून टाका. मला त्यातलं काही नको.’ ते मी बाला वाचून दाखवलं नाही. वशरामभाई मजेत आहे, सगळ्यांची आठवण काढतो, असं वाचलं. तेव्हापासून अधूनमधून तुझी पत्रं येतात, म्हणजे मीच वाचते. आफ्रिकेत जाऊन पोराची भाषा फार गोड झाली, असं बा शेजारणींना सांगत असते.

तर कळवायचं हे की आज सकाळी ती लेथ मी चालू केली.

चिडू नकोस. किंवा चीड, त्या निमित्ताने तरी लिहिशील. बापांच्या दुकानाची जागा मालकाने परत घेतली आणि लेथ आमच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. कोंबड्या तिच्यावर बसायच्या. एके दिवशी मी ताडपत्री काढली, लेथच्या चकला हात लावला, तर चक फिरला. भाई, इतकी वर्षं पडून राहिलेली वस्तू हाताखाली फिरते तेव्हा माणसाने काय करावं? सोरठियावाडीच्या मागे एका तेलघाण्याची रिकामी शेड मिळाली. भिंतींना अजून शेंगदाण्याचा वास येतो. तुझ्या मेहुण्यांनी एसटीतल्या नोकरीच्या सुट्टीत चुना दिला आणि म्हणाले, "मालकीणबाई, मला कामावर ठेवा, तिकिटं फाडून कंटाळलो." बटण बाने दाबलं. लोखंडाचा पहिला छिलका निघाला तो विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढे ठेवला.

माल काय करणार, तर बापांचाच. संस्थानाच्या दरबाराने कधीकाळी विलायतेहून आणवलेली ती इंजिनं आसपासच्या शेतवाड्यांमधून अजून पाणी उपसतायत. सगळं राजकोट नव्या इंजिनांच्या मागे लागलंय, ह्या म्हाताऱ्यांचे कॅम, व्हॉल्व्ह उघडणारी ती नाकवाली लोखंडी चाकं, करणारे एक आपले बापाच होते. त्यांचा नमुन्याचा कॅम देव्हाऱ्यात होता तसाच आहे. त्यावरून मापासाठी पत्र्याचा फर्मा कापला आणि कामाला लागले.

लोक येतात आणि विचारतात, "शेठ कुठं गेले?" मी म्हणते, "शेठ तुमच्याशीच बोलतायत." मग ते दाराबाहेर जाऊन पाटी वाचून येतात. आपली आजी पोटुशी असताना घण मारायची तेव्हा कुणाला नवल वाटलं नव्हतं. लेथला मोटार बसली आणि काम पुरुषांचं झालं.

आता मुद्दा. कागदावर लेथ तुझी आहे. बापांनी शेवटी तुझ्या नावावर केली. का, ते ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं. तू विकायला कानजीकाकांनाही तेव्हाच लिहिलंस, आणि काका म्हणजे सरळ रेषेचा माणूस. ते म्हणाले, "पोरी, ज्याची वस्तू त्याचा शब्द. येत्या गोकुळ आठमपर्यंत वशरामचा होकार आला तर लेथ तुझी. नाही आला तर भंगारवाला घेऊन येतो." नऊ महिने पडलेत तोवर. मला तुझी एक ओळ हवी. ‘जशु, लेथ चालव.’ एवढंच. त्याहून गोड लिहायची गरज नाही, ते मी बघते.

तुझी जशु

 

राजकोट, संक्रांत

वशरामभाई,

तिळाची चिक्की पाकिटात मावत नाही म्हणून नुसतं लिहून पाठवते. आज राजकोटात कुणी जमिनीवर नाही. सगळे गच्चीत, आणि ज्याला गच्ची नाही तो दुसऱ्याच्या. तुझे मेहुणे सकाळपासून पतंग कापून घेतायत आणि प्रत्येक वेळी वाऱ्याला शिव्या देतायत.

दुकान उत्तम चाललंय. वाडीवाले अरजणबापा आठवतात ना, बापांचे जुने गिऱ्हाईक, मिशा तोंडात जायच्या ते? ते आले, कॅम बघितला, नखाने वाजवला आणि म्हणाले, "नानजीची पोरगी आहेस, म्हणून घेतो. नाहीतर बाईच्या हातचं मी फक्त रोटला खातो." मी म्हटलं, "बापा, मग जपून. माझा रोटला ह्या कॅमपेक्षा कडक असतो." ते हसले आणि घेऊन गेले. त्यांचं बघून त्यांच्या शेढ्यावरचे, बांधाला बांध लागून असलेले, पण आले.

पट्टा एकदा तुटला, बाकी काही नाही. भट्टीही जमली. डब्यात कोळशाची पूड घालून कॅम भाजायचे आणि तेलात सोडायचे, तो वास आला की बा आतून विचारते, "कोण, तुझे बापा आले का?" मग तिलाच आपलं हसू येतं.

एक माणूस माल घेऊन परत आला होता. म्हणाला, इंजिनात दम नाही राहिला. त्याचं इंजिन त्याच्या आजाच्या वयाचं आहे, दम कुठून राहणार? मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. हे उगीच लिहिलं, लिहिण्यासारखं काही नाही त्यात.

होकार टपालात असेल तर बरं. नसेल तर घालायला वेळ आहे.

तुझी जशु

 

राजकोट, अखात्रीज

वशरामभाई,

आज सोन्यासारखा दिवस, म्हणून खोटं लिहीत नाही. संक्रांतीला दुकान उत्तम चाललंय असं लिहिलं होतं. चाललं होतं ते खरं. उत्तम हा माझा शब्द.

माल परत येतोय. एकाचा नाही, बऱ्याच जणांचा. सगळ्यांचं रडगाणं एकच. नवा कॅम बसवल्यावर इंजिन चालतं, पण काळा धूर टाकतं, तापतं, आणि विहिरीत पाणी खोल गेलं की धापा टाकायला लागतं. परवा अरजणबापा आले. कॅम माझ्या टेबलावर ठेवला आणि पागोटं काढून मांडीवर घेऊन बसले. मी म्हटलं, "बापा, चहा?"

"चहा राहू दे. बेन, तुझ्या बापाच्या कॅमवर माझं इंजिन गायचं. तुझ्या कॅमवर ते खोकतं."

"तुमच्या इंजिनाचं वय बघा ना."

"वय माझंही बघ. मी खोकतो का?"

दुकानात आणखी दोघं-तिघं होते. त्यांतला एक हळूच म्हणाला, "भट्टीचं काम आहे हे, बायकांना आच कळत नाही." नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. ज्या बाईला आच कळत नाही तिच्या हातची खिचडी हा रोज खातो. पण तोंड बंद ठेवलं, कारण टेबलावर कॅम पडला होता आणि तो माझाच होता.

मी सगळं उलटंपालटं करून बघितलं. कोळसा बदलला, तेल बदललं, पोलाद दुसऱ्या व्यापाऱ्याकडून आणलं. फर्मा लावून बघते तर कॅम फर्म्याला केसभरही सोडत नाही. फर्मा देव्हाऱ्यातल्या नमुन्याला लावते, तर तोही तसाच घट्ट बसतो. मग चूक आहे कुठे? बापांच्या हातात काहीतरी होतं आणि ते माझ्या हातात नाही, असं वाटायला लागलंय. हे बाला सांगितलं नाही. तुला सांगतेय, कारण तू उत्तर देत नाहीस. त्याचाही एक फायदा असतो.

कानजीकाका येऊन गेले. त्यांनी शेड बघितली, परत आलेल्या मालाचा ढीग बघितला. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "वशरामचं काही आलं?" मी म्हटलं, "येतंय."

तुझी जशु

 

राजकोट, भीम अगियारस

वशरामभाई,

चूक सापडली. आधी पाणी पी आणि मग वाच.

पेरणीचे दिवस म्हणून अरजणबापांच्या वाडीवर गेले होते, त्यांचं इंजिन स्वतः खोलून बघायला. त्यांच्या झोपडीच्या झापाला एक दोरी आहे आणि दोरीला वजन म्हणून एक लोखंडाचा तुकडा बांधलाय, झाप आपोआप मिटावं म्हणून. मी आत-बाहेर करत होते आणि ते वजन दर वेळी माझ्या खांद्याला लागत होतं. शेवटी चिडून हातात धरलं तर तो अर्धा तुटलेला कॅम. वर बापांचा शिक्का. अरजणबापांच्या बायकोला विचारलं, तर म्हणाली, "माझ्या लग्नाच्या आधीपासून लोंबतंय ते." म्हणजे तुझा-माझा जन्म व्हायच्या आधी बापांनी केलेला.

पिशवीतून फर्मा काढला आणि त्याच्या नाकावर ठेवला. बसेना. इंजिनात वर्षानुवर्षं फिरून मग तुटलेला कॅम, त्याचं नाक झिजून कमी व्हायला हवं, तर ते माझ्या फर्म्यापेक्षा उंच. दाढीचं पातं सहज आत जाईल एवढं. नाक बुटकं झालं की व्हॉल्व्ह पुरतं उघडत नाही, धूर आतच कोंडतो आणि इंजिन खोकतं. हे तुला मी काय सांगायचं?

म्हणजे फर्मा बुटका. म्हणजे ज्याच्यावरून फर्मा कापला तो नमुनाच बुटका. भाई, देव्हाऱ्यातला कॅम झिजलाय. आणि तो इंजिनात एकदाही फिरलेला नाही.

कसा झिजला ते मला परतीच्या बसमध्ये कळलं आणि मी इतकी हसले की शेजारची बाई सरकून बसली. दर दिवाळीला हत्यारांची पूजा. आदल्या दिवशी तू आणि मी अंगणात, मध्ये तो कॅम, हातात पॉलिश कागद. बापा ओट्यावरून ओरडायचे, "तोंड दिसलं पाहिजे त्यात." तू डाव्या हाताने घासायचास, मी उजव्या. आणि आपण सगळ्यात जास्त काय घासायचो? नाक. ते चमकलं की आपलं तोंड लांबुळकं दिसायचं म्हणून. आपल्या आधी बापा स्वतः घासायचे, तू गेल्यावर मी एकटी घासायचे. बापांनी त्याला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, पण माप लावलं नाही. देवाला कोण माप लावतो? त्यांना गरजही नव्हती. त्यांचा जुना फर्मा खुंटीवर होता, तोच त्यांनी मरेपर्यंत वापरला. जागा रिकामी करताना मालकाच्या माणसांनी पत्र्याचा तुकडा म्हणून तोच फेकला असणार. मी मात्र शहाणी, थेट देव्हाऱ्यावरून कापला.

बाला सांगितलं. तिने देव्हाऱ्याकडे हात जोडले. मग म्हणाली, "देव झिजला तरी देवच. राहू दे तिथं." मग थोड्या वेळाने, "पण त्याच्यावरून काही करू नकोस आता."

सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवले, कॅम परत आणा, चूक माझी आहे. अरजणबापांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "खरं बोललीस हे बरं केलंस, बेन. पण खऱ्याने पाणी उपसत नाही."

तुटक्या अर्ध्यावरून पुरा कॅम होत नाही. नाक आहे, पण पाठीचा उतार कुठे सुरू होतो ते मोडून गेलंय. आणि इथल्या इंजिनांच्या पोटात जे कॅम आहेत ते एकतर माझे, नाहीतर घासून गुळगुळीत झालेले. तुझ्याकडे मात्र ही इंजिनं आहेत. मामांनी एकदा लिहिलं होतं की नाकुरूच्या गोऱ्यांच्या शेतांवर हीच चालतात आणि तू ती दुरुस्त करतोस. तिथे कुणाच्या गोदामात विलायती, नवा, खोक्यातला कॅम पडला असेल. तो पाठव. होकाराचं नंतर बघू. आधी कॅम.

तुझी जशु

 

राजकोट, दिवासो

वशरामभाई,

उद्या श्रावण लागतो. राखी ह्याच पाकिटात आहे. वेळेवर पोचणार नाही, दरवर्षीच पोचत नाही.

पेरणीपुरता पाऊस झाला आणि नंतर आभाळाने पाठ फिरवली. भुईमुगाला फुलं आलीत, शेंगा धरायला आऱ्या जमिनीत शिरायच्या तर जमीन दगड झालीय. आता ज्याच्या विहिरीवर इंजिन चालेल त्याच्या शेंगा भरतील. अरजणबापांचं इंजिन अर्धा वाफा भिजवतं आणि तापून बसतं. ते रोज येत नाहीत आता. आले असते तर बरं वाटलं असतं, शिव्या तरी खाल्ल्या असत्या.

लेथवर सध्या किरकोळ कामं चालतात. बुश, खिळे, एका सायकलवाल्याचं काहीतरी. काका म्हणाले की आठमीला बाजार बंद, सगळे मोकळे, तेव्हाच भंगारवाल्याला आणतो. मी म्हटलं आणा. दुसरं काय म्हणणार? पण भाई, लेथ गेली तर मी परत घरात बसून पापड लाटणाऱ्यातली नाही, आणि दुसऱ्याच्या दुकानात मला कुणी उभं करणार नाही. हे एवढंच काम मला येतं आणि एवढ्याच कामात मला माझ्यासारखं वाटतं.

आज मला तुझा राग आलाय. लिहूनच टाकते. बापांनी चुकीचंच केलं. तुला मिशा फुटलेल्या, दुकानात चार गिऱ्हाइकं, आणि त्यांनी तुझ्या डाव्या हातातून कानस ओढून रस्त्यावर फेकली. "डाव्या हाताने देवाचं काम होत नाही." मी दारात उभी होते. तू कानस उचलली नाहीस, तसाच चालत गेलास, आणि त्यानंतर बातमी आली ती थेट मोंबासाची. त्यांना तू माफ कर असं मी म्हणत नाही. बासुद्धा म्हणत नाही. पण ज्याच्याशी भांडण होतं तो माणूस गेला रे. लेथने तुझं काय केलंय? मी काय केलंय? बाला तुझी पत्रं वाचून दाखवताना आता मला सुचेनासं झालंय. परवा वाचत होते तर मध्येच थांबले, आणि ती म्हणाली, "का गं, अक्षर लागत नाही?"

ती कानस मी उचलून आणली होती. माझ्याकडेच आहे, दांडा नवा बसवलाय.

बोलू नकोस माझ्याशी हवं तर. कॅम पाठव.

जशु

 

राजकोट, शीतळा सातम

वशरामभाई,

आज चूल पेटवायची नाही. काल छठीला रांधलेले थेपले, बाजरीचे वडे आणि दही असं गारढोण जेवून सगळं राजकोट सुस्तावलंय. भट्टीलाही मी कुंकू लावून झाकून ठेवलंय, बापा ठेवायचे तशी. हात मोकळे आहेत म्हणून सगळं नीट लिहिते.

सकाळी तुमच्या तिकडच्या देवशीभाई मिस्त्रींची सून दारात. नाकुरूहून सणाला माहेरी आलेली. एक पुडकं हातात ठेवलं आणि म्हणाली, "वशरामभाईंनी दिलंय." मी म्हटलं, "आणि पत्र?" ती म्हणाली, "पत्राचं विचारलं होतं मी. ते म्हणाले, आत आहे सगळं." तिकडच्या रंगीबेरंगी कापडाचं पुडकं. सोडलं तर आत दोन कॅम. कापड झटकलं, उलटं केलं, कागदाचा कपटा नाही.

आणि कॅम बघून माझं तोंड उतरलं. विलायती नव्हते. खोकं नाही, कंपनीचा शिक्का नाही, घासून गुळगुळीतही केलेले नाहीत. अंगावर कानशीच्या रेघा तशाच. म्हणजे तू स्वतः घडवलेले. मी नवा नमुना मागितला होता आणि ह्याने नकलेची नक्कल पाठवली, असं मनात आलं. तुझ्या मेहुण्यांना म्हटलंही, "पॉलिश करायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत." ते म्हणाले, "बसवून तर बघ. शिव्या कुठे पळून जातायत?"

तुटक्या अर्ध्यावर ठेवून बघितलं. झिजेचा केसभर फरक सोडला तर नाक बरोब्बर जुळलं. बापांच्या त्या नाकाला तुझं नाक. मग पत्रा घेतला, फर्मा कापला, आणि एक कॅम घेऊन बसने अरजणबापांच्या वाडीवर.

तिथे वेगळाच घोळ. अरजणबापांची बायको इंजिनाला हात लावू देईना. "आज सातम. अग्नी पेटवायचा नाही. शीतळामा कोपली तर?"

अरजणबापा म्हणाले, "इंजिनाला चूल कोण म्हणतं?"

"आत आग नसते?"

"आग तुझ्याही डोक्यात असते. तुला विझवून ठेवतो का मी?"

शेवटी ती म्हणाली, जशुबेन लुहाराची लेक आहे, ती म्हणेल ते. आता आली का पंचाईत. मी विचार केला आणि सांगितलं की चूल ती जिच्यावर रांधतात. विहिरीतून गार पाणी काढणाऱ्या यंत्रावर शीतळामा कशाला कोपेल, तिचं तर नावच गार. बाईला पटलं. मला किती पटलं होतं ते विचारू नकोस.

कॅम बसवला. अरजणबापांनी हँडल मारलं. पहिल्यांदा खोकलं. मग धूर आधी काळा, मग करडा, मग दिसेनासाच झाला आणि टक टक टक टक असं चालायला लागलं, एका लयीत, बापांच्या वेळी चालायचं तसं. कुंडीत पाणी पडलं ते मनगटाएवढं जाड.  अरजणबापा पाटाच्या कडेने पाण्याबरोबर चालत गेले आणि शेवटच्या वाफ्याशी जाऊन उभे राहिले. तिथून परत आले तेव्हा म्हणाले, "गातंय." मी तोंड धुवायच्या निमित्ताने कुंडीशी गेले आणि रडून घेतलं.

घरी आले तर कानजीकाका थेपले खात बसलेले. उद्याऐवजी आजच आले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "इंजिन चाललं, मला आनंद आहे. पण मी इंजिनाचं विचारलं नव्हतं. लेथ वशरामची. त्याचा होकार कुठाय? कागद दाखव."

कागद नव्हता.

तेवढ्यात बा आतून म्हणाली, "काय पाठवलंय ते मला दे."

दुसरा कॅम तिच्या हातात दिला. तिला दिसत नाही, तिने अंगठा फिरवला. नाकावरून पाठीकडे, पाठीवरून परत नाकाकडे. एकदा, मग पुन्हा, सावकाश. तीसुद्धा लुहाराचीच बायको, जन्मभर तिने बापांचा माल पुसून रचलाय. मग म्हणाली, "कानजी, इकडे ये. तुझा अंगठा दे. रेघा कुठल्या अंगाला पडल्यात?"

काकांनी हात धोतराला पुसला आणि अंगठा लावला. मग कॅम उजेडाकडे धरून बघितला. "उलट्या पडल्यात, भाभी."

"कशाने पडतात उलट्या?"

काका रेघांवरून परत अंगठा फिरवायला लागले. बाच बोलली. "डाव्या हाताने पडतात. ह्या घरात ते एकालाच जमायचं." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तू मला त्याची पत्रं वाचून दाखवतेस, गोड गोड. मी ऐकून घेते, पोरीचं मन कशाला मोडा. माझ्या वशरामला एवढं बोलता कुठे येतं? पण हे त्याचं आहे. हे त्याने लिहिलंय."

भाई, मी दिवसभर ते कॅम हाताळत होते आणि मला दिसलं नाही. पॉलिश करायचे कष्ट घेतले नाहीत म्हणाले मी. तू मुद्दाम ठेवल्यास ना त्या रेघा? ज्या हाताने देवाचं काम होत नाही असं बापा म्हणाले होते, त्या हाताच्या. होय ना?

काकांनी उरलेला थेपला खाल्ला, पाणी प्यायले आणि उठले. म्हणाले, "भंगारवाल्याला सांगतो, येऊ नको." दारातून परत वळून म्हणाले, "त्याला लिही, काकाने वाचलं म्हणून."

तुझा कॅम आता देव्हाऱ्यात आहे, बापांच्या कॅमच्या शेजारी. एक झिजून चकचकीत, एक खरखरीत. दिवाळीला बापांच्या कॅमलाही मी पॉलिश कागद लावणार नाही, आणि तुझ्याला तर कुणाला बोटही लावू देणार नाही. कुंकू तेवढं लावीन. फर्मा खुंटीवर टांगलाय. तुझ्या मेहुण्यांनी त्याच्यावर तेलरंगाने लिहून ठेवलंय, ‘फेकू नये’.

बा म्हणत होती, देवशीभाईंची सून परत जाईल तिच्याबरोबर तुझी कानस पाठवून दे. मी नाही म्हटलं. पाठवली की तुझं इथे काही उरणार नाही. ती लेथच्या डाव्या अंगाला खिळ्यावर आहे. ज्याची त्याने येऊन न्यावी.

बाने बजावलंय, ह्या वेळी खरं ते लिही. तर खरं हे की ती रोज तुझी वाट बघते. मीपण बघते. उद्या आठम, परवा सकाळी भट्टी पेटवीन, अरजणबापांच्या शेढ्यावरचे सगळे थांबलेत.

तुझी जशु